अडविलेल्या फाइलीची पुष्पिका

हस्तलिखित पोथ्या हाताळणाऱ्यांना पुष्पिका नवी नाही. ग्रंथ उतरवून संपला की लेखनिक अखेरीस दोन-चार ओळी लिहितो. पोथी कोणी लिहिली, कोणत्या गावी, कोणत्या शकात, कोणासाठी, एवढाच त्यांचा मजकूर असतो. या ओळी ग्रंथाचा भाग नसतात. ग्रंथकर्त्याला त्यांची वार्ताही नसते. तरीही पाठचिकित्सा करणारा अभ्यासक पोथी हाती येताच आधी शेवटचे पान उलगडतो. मजकुरावर कितपत विसंबायचे हे ठरविण्यापूर्वी तो आला कोठून हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. ईमेलमधून संगणकावर उतरविलेल्या फाइलीलाही २००४ पासून अशीच एक पुष्पिका जोडली जाऊ लागली. ती वाचणाऱ्याला दिसत नाही, संगणकाला मात्र दिसते; आणि पुष्कळदा तिच्यामुळेच समोर आलेली फाइल उघडता उघडत नाही. ही अडवणूक कशी सुरू झाली, तिच्यावर लोकांनी कोणते उपाय शोधले आणि त्या उपायांत काय हरवले, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, अडविलेली फाइल ही वाईट ठरविलेली फाइल नव्हे, ती परकी ठरविलेली फाइल असते. आणि परकेपणावरचा उतारा संगणकाच्या सेटिंगमध्ये शोधण्याआधी तो ओळखीत शोधावा लागतो.

विषय वाङ्मयाच्या अभ्यासकांना काहीसा आडवाटेचा वाटेल. परंतु प्रश्नपत्रिका, प्रबंधाची प्रकरणे, चर्चासत्रांची निमंत्रणे, नियतकालिकांसाठीचे लेख हे सारे आज अटॅचमेंट म्हणूनच आपल्यापर्यंत येते. एखादी फाइल उघडेना म्हणजे कोणीतरी जाणकार बोलवावा, त्याने चार बटणे दाबावीत आणि आपण पुढे वाचायला लागावे, इतकाच आपला या व्यवहाराशी संबंध उरला आहे. त्या चार बटणांत नेमके काय घडते हे विचारण्याचा अधिकार मात्र संहितेच्या अभ्यासकाला इतर कोणाहूनही अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी भोसरी हे ठिकाण सोयीचे आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरचे, आळंदीच्या वाटेवरचे हे गाव कुस्तीच्या तालमींसाठी प्रसिद्ध. १९५४ मध्ये शेजारच्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. त्याच दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरीला टेल्को आले. या मोठ्या कारखान्यांना लागणारे हजारो सुटे भाग करणारी लहान वर्कशॉप्स भोसरीच्या एमआयडीसीत जे, एस, टी अशा अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या ब्लॉकांमध्ये दाटीने वसली. लेथ, मिलिंग, प्रेस, डाय, जिग-फिक्स्चर, फॅब्रिकेशन, हीट ट्रीटमेंट ही येथील रोजची शब्दसंपदा. आमच्या वर्गांत बसणारी अनेक मुले-मुली अशाच शॉपमध्ये काम करणाऱ्यांच्या घरांतून येतात.

या साऱ्या व्यवहाराचा आधार एक कागद होता. मोठ्या कारखान्यातून लहान वर्कशॉपकडे जाणारे ड्रॉइंग. सुरुवातीला ते निळ्या छपाईत, पुढे अमोनियाच्या वासाच्या छपाईत येई. घडी घातलेले, कडांना मळलेले, शॉपमध्ये मशीनशेजारी लटकविलेले. त्याच्या उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिला टायटल ब्लॉक म्हणतात. भागाचे नाव, ड्रॉइंगचा क्रमांक, कोणी काढले, कोणी तपासले, कोणी मंजूर केले, तारीख, आणि कितवी सुधारित आवृत्ती म्हणजे रिव्हिजन, हे सारे त्या चौकटीत. अनुभवी टर्नर किंवा फिटर ड्रॉइंग हाती आल्यावर मापे वाचण्याआधी या कोपऱ्याकडे पाहतो. जुन्या रिव्हिजनवर माल काढला गेला तर सगळा लॉट रिजेक्ट होतो. स्टीलचा, मजुरीचा आणि वेळेचा भुर्दंड वर्कशॉपवर पडतो. पोथीचे शेवटचे पान आधी उलगडणारा संशोधक आणि कोपऱ्यातली चौकट आधी वाचणारा टर्नर एकाच शिस्तीचे वाचक आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे. पुढच्या सगळ्या विवेचनाचा तो पाया आहे.

हे ड्रॉइंग ईमेलवर कसे आले? पत्राला चित्र, आवाज वा अन्य फाइल जोडण्याची सर्वमान्य रीत १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी सिद्ध केली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेन्स्टाइन यांनी धाडलेल्या पहिल्या प्रसिद्ध अटॅचमेंटमध्ये चौघांच्या एका गायकवृंदाचे छायाचित्र होते. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्या काही वर्षांत औद्योगिक पट्ट्यात टेलिफोनच्या तारेवरून चालणारी जोडणी आणि सायबर कॅफे पोहोचले. ड्रॉइंग ऑटोकॅडच्या फाइलीतून येऊ लागले, दरपत्रके वर्डमध्ये आणि हिशेब एक्सेलमध्ये. ज्या कागदासाठी माणूस स्कूटरवरून भोसरीहून पिंपरीला जात असे, तो कागद आता बसल्या जागी येई. त्या माणसाबरोबर जे येत होते ते मात्र येणे थांबले. गेटवरची नोंद, दिलेल्या हाताची ओळख, 'साहेबांनी स्वतः दिलंय' हा तोंडी दाखला, हे कागदाचे अलिखित जोडपत्र होते.

हे जोडपत्र नसल्याचा फायदा कसा घेता येतो हे लवकरच दिसले. वर्डच्या फाइलीत दडून पसरणारा 'कन्सेप्ट' नावाचा विषाणू १९९५ मध्ये आला. २६ मार्च १९९९ रोजी 'मेलिसा' प्रकट झाला. वर्डची फाइल उघडताच तो आउटलुकच्या पत्तावहीतील पहिल्या ५० पत्त्यांवर तीच फाइल पाठवी. घेणाऱ्याला पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेले दिसे, आणि एका अर्थी ते ओळखीच्याकडूनच आलेले असे. फक्त त्या ओळखीच्या माणसाने ते लिहिलेले नसे. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून जगभर पसरलेल्या प्रकरणाची तर वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम दखल घ्यावी असे आहे. पत्राचा विषय होता प्रेमाची कबुली, आणि जोडलेली फाइल होती प्रेमपत्र. तिच्या नावाच्या शेवटी दोन प्रत्यय होते: आधी 'टीएक्सटी', म्हणजे साधा मजकूर, आणि त्यानंतर 'व्हीबीएस', म्हणजे संगणकाने पाळावयाची आज्ञावली. विंडोज ओळखीचे प्रत्यय मूळच्या सेटिंगनुसार लपवून ठेवी. त्यामुळे खरा प्रत्यय गळून पडे आणि वाचणाऱ्याला दिसे तो खोटा. शब्दाच्या शेवटचा प्रत्यय त्याचा अर्थ फिरवितो, हे व्याकरण शिकविणाऱ्यास सांगावयास नको. येथे प्रत्यय लपविल्याने एक वाचावयाची वस्तू आणि एक पाळावयाची आज्ञा यांतला भेदच पुसला गेला.

हे प्रेमपत्र ज्या तरुणाच्या नावाशी जोडले गेले त्याच्यावरील आरोप टिकले नाहीत, कारण त्या देशात अशा कृत्याला लागू पडेल असा कायदा त्या वेळी नव्हता. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याच्या ४३ व्या कलमात दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडण्याचा समावेश आहे. या कायद्याने डिजिटल स्वाक्षरीलाही मान्यता दिली. तिच्याकडे आपण पुढे वळू.

आता अडवणुकीचा इतिहास सुरू होतो. जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुकसाठी सुरक्षेची एक सुधारणा काढली. तिने फाइलींचे प्रकार पाहून एक यादी केली. ईएक्सई, बॅट, व्हीबीएस, एससीआर यांसारख्या चालू शकणाऱ्या फाइली, आणि अ‍ॅक्सेसच्या माहितीकोशाची एमडीबी फाइलसुद्धा, आउटलुक दाखवीच ना. पत्र येई, त्याला काहीतरी जोडलेले आहे असे कळे. पण ते उघडता येत नसे, जतनही करता येत नसे. ही तजवीज २००१ च्या आउटलुकमध्ये उपजतच आली. आउटलुक एक्सप्रेस हा घरोघरी आणि लहान ऑफिसांत वापरला जाणारा धाकटा भाऊ. त्याच्या सहाव्या आवृत्तीच्या २००२ मधील सुधारणेनंतर 'विषाणू असण्याचा संभव असलेली अटॅचमेंट जतन करू वा उघडू देऊ नये' हा पर्याय आपोआप सुरू असे. त्याचा फास अधिक सैल-घट्ट होता. ज्या फाइलप्रकाराच्या नोंदीत 'उतरविल्यावर उघडण्यापूर्वी विचारावे' अशी खूण असे, तो प्रकारही अडे. त्यामुळे निरुपद्रवी कागदपत्रेही अनेकांना करड्या, मिटलेल्या अक्षरांत दिसू लागली.

यावर उपाय निघाले आणि ते तोंडोतोंडी पसरले. पहिला उपाय म्हणजे 'टूल्स' मध्ये जाऊन 'ऑप्शन्स' आणि तेथून 'सिक्युरिटी' उघडावयाचे व त्या पर्यायापुढची बरोबरची खूण काढून टाकावयाची. फाइल उघडे, आणि त्यानंतर येणारी प्रत्येक फाइलही बिनविचारणा उघडे, कारण एका पाहुण्यासाठी वाड्याचा दरवाजाच काढून ठेवलेला असे. दुसरा उपाय नाव बदलण्याचा. पाठविणाऱ्याने ईएक्सईचे टीएक्सटी करून पाठवावे आणि घेणाऱ्याने पुन्हा पूर्ववत करावे. तिसरा झिप करून, हवे तर पासवर्ड लावून पाठविण्याचा. यांतली गंमत अशी की, प्रेमपत्राने जी युक्ती फसवणुकीसाठी केली तीच आता सज्जन माणसे सोयीसाठी करू लागली. २००४ च्या आरंभी 'बॅगल' नावाच्या विषाणूने याची परतफेड केली. तो पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये बसून येई आणि पासवर्ड पत्राच्या मजकुरातच दिलेला असे. कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटात पाठविण्याची लोकांची सवय त्याने अचूक हेरली होती.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी त्या काळात आणखी एक गुंता होता. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर लिहीत असू. यांपैकी श्री-लिपी आणि सी-डॅक ही तर पुण्याचीच. एका फाँटमध्ये लिहिलेला लेख तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उघडे. म्हणून लेखासोबत फाँट, कधी तो बसविणारी ईएक्सईही धाडली जाई, आणि ती वाटेत अडे. संपादकाच्या दृष्टीने लेख 'उघडत नाही' हे एकच दुःख. पण त्याची कारणे तीन असू शकत. ईमेलच्या प्रोग्रामने फाइल अडविली असेल, फाइल उघडणारा प्रोग्रामच संगणकावर नसेल, किंवा फाइल उघडूनही फाँटअभावी अक्षरे कळत नसतील. तिन्ही दुखण्यांवर सुरक्षा बंद करण्याचे एकच औषध दिले जाई. भोसरीतही असेच. ऑटोकॅड नसलेल्या संगणकावर ड्रॉइंगची फाइल उघडणार नाही, हे दुखणे सुरक्षेचे नाही. पण खूण काढली जाई ती सुरक्षेचीच. दुरुस्तीची पहिली पायरी निदान ही आहे. फाइल आलीच नाही, आली पण उघडत नाही, की उघडली पण वाचता येत नाही, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले तर निम्मे काम होते.

ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीची दुसरी मोठी सुधारणा, सर्व्हिस पॅक दोन, प्रसिद्ध झाली आणि अडवणुकीचे तत्त्वच बदलले. तोवर फाइल कोणत्या प्रकारची आहे हे पाहिले जाई. आता ती कोठून आली हेही पाहिले जाऊ लागले. ईमेलमधून वा इंटरनेटवरून उतरविलेल्या फाइलीला संगणक एक लहानशी जोडनोंद चिकटवू लागला. ती फाइलीच्या मजकुरात नसते. एनटीएफएस या साठवणपद्धतीत फाइलीच्या मागे दुसरा एक अदृश्य प्रवाह ठेवता येतो, त्यात ती असते. तिच्यात क्षेत्राचा क्रमांक असतो. शून्य म्हणजे स्वतःचा संगणक, एक म्हणजे कार्यालयाचे अंतर्गत जाळे, दोन म्हणजे विश्वासाची ठिकाणे, तीन म्हणजे इंटरनेट आणि चार म्हणजे निषिद्ध. घर, आळी, सोयरे, बाजार आणि वर्ज्य, अशी ही उतरंड. लेखाच्या आरंभी आम्ही जिला पुष्पिका म्हटले ती हीच. विंडोज १० च्या काळापासून फाइल कोणत्या पत्त्यावरून उतरविली तेही तिच्यात नोंदविले जाऊ लागले, म्हणजे पुष्पिकेत गावाचे नावही आले.

ही नोंद असलेल्या फाइलीचे 'प्रॉपर्टीज' उघडले की तळाशी एक वाक्य आणि 'अनब्लॉक' असा पर्याय दिसतो. त्यावर खूण करून 'ओके' म्हटले की नोंद पुसली जाते आणि फाइल आपली होते. झिप असेल तर ती सोडविण्यापूर्वीच हे करावे. नाहीतर विंडोजच्या स्वतःच्या सोयीने सोडविलेल्या आतल्या प्रत्येक फाइलीवर तीच खूण उमटते. मदतपुस्तिकांच्या सीएचएम फाइलींबाबत तर फार घोटाळा होई. फाइल उघडे, डावीकडे अनुक्रमणिका दिसे आणि उजवे पान कोरे. पुस्तिका बिघडलेली नसे. ती परकी असे, इतकेच.

'अनब्लॉक'शेजारच्या त्या वाक्याचे थोडे वाचन करणे आम्हांला आवश्यक वाटते. त्याचा आशय असा: ही फाइल दुसऱ्या संगणकावरून आली आहे आणि या संगणकाच्या रक्षणासाठी ती अडविली गेली असण्याची शक्यता आहे. वाक्य कर्मणी आहे. अडविले कोणी हे सांगितलेले नाही. अडविले आहे की नाही हेही निश्चित नाही, 'शक्यता' आहे. आणि मुख्य म्हणजे, 'दुसऱ्या संगणकावरून' असे म्हटले आहे. 'दुसऱ्या माणसाकडून' असे म्हटलेले नाही. जगातले सगळे येणे-जाणे संगणकासंगणकांत चालते अशी या वाक्याची समजूत आहे. भोसरीतल्या बहुतेक संगणकांवर ते इंग्रजीत वाचले गेले, किंवा खरे तर वाचलेच गेले नाही. न समजणारा इशारा वारंवार दिसला की तो इशारा राहत नाही, पायरी होतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली चौकट बारकाईने वाचणारा तोच माणूस हे वाक्य न वाचता 'ओके' दाबतो. त्याला वाचता येत नाही असे कसे म्हणावे? टायटल ब्लॉक त्याच्या कामाच्या भाषेत त्याच्याशी बोलतो. हे वाक्य त्याच्याशी बोलतच नाही.

या नोंदीला बगल देण्याचा एक उपाय औद्योगिक पट्ट्यात नकळतच रूढ झाला. तो म्हणजे पेनड्राइव्ह. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट नावाच्या जुन्या साठवणपद्धतीचे असत. त्या पद्धतीत अदृश्य प्रवाहाला जागाच नाही. कार्यालयातल्या संगणकावर उतरविलेली फाइल पेनड्राइव्हवरून शॉपमधल्या मशीनशेजारच्या संगणकावर नेली की वाटेत तिची पुष्पिका गळून पडे. ती तेथे अगदी घरची म्हणून उघडे. दोन-चार हात बदललेल्या पोथीचे शेवटचे पान फाटलेले असावे, तसेच हे.

पुष्पिका गळणे म्हणजे काय, हे आपल्या वाङ्मयेतिहासाने फार पूर्वी अनुभवले आहे. भोसरीहून जवळच असलेल्या आळंदीशी निगडित ग्रंथाचीच गोष्ट घ्या. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हा काल आणि सच्चिदानंदबाबा हा लेखनिक यांचा उल्लेख येतो. पुढे सुमारे तीनशे वर्षे ग्रंथ हातोहात उतरविला गेला आणि त्यात प्रक्षेप शिरले, पाठभेद झाले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती मिळवून त्याची शुद्धी केली. एकनाथांनी ग्रंथ बंद करून ठेवला नाही आणि जो पाठ हाती आला तोच खरा असेही मानले नाही. प्रत कोठून आली, दुसऱ्या प्रतींशी ती जुळते का, हे पाहून ती लोकांसाठी मोकळी केली. 'अनब्लॉक' या क्रियेचा याहून उचित अर्थ आम्हांला सुचत नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' झाले, ही आख्यायिका मराठी माणसाच्या बोलण्यात 'ध चा मा' होऊन राहिली आहे. आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो. पाठविणारा खरा, पत्र खरे, आणि तरी मजकूर बदललेला, ही भीती तिच्यात साठविलेली आहे. मराठा दफ्तरांनी तिच्यावर शोधलेला उपाय म्हणजे मोर्तब. पत्राच्या माथ्यावर मुख्य शिक्का आणि मजकूर संपताच मर्यादेचा लहान शिक्का, म्हणजे त्यापुढे कोणास ओळ घालता येऊ नये. पुष्पिका आणि मोर्तब यांतला फरक येथे लक्षात यावा. पुष्पिका सांगते की कागद कोठून आला. मोर्तब सांगते की तो आला तसाच आहे. विंडोजची नोंद ही पुष्पिका आहे, तीही पुसता येण्याजोगी. मोर्तबाचे काम करते ती डिजिटल स्वाक्षरी. लहान वर्कशॉपला येणाऱ्या ड्रॉइंगवर मात्र ती क्वचितच असते.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. जून २०१२ मध्ये इसेट या विषाणुविरोधी कंपनीने ऑटोकॅडच्या ड्रॉइंगांची चोरी करणारा 'मेड्रे' नावाचा विषाणू उघडकीस आणला. त्याचा मोठा उपद्रव पेरू देशात झाला होता. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये त्याच्या शेजारी ऑटोलिस्प भाषेतली एक लहान फाइल बसलेली असे. ड्रॉइंग उघडले की तीही चालू होई आणि उघडलेली ड्रॉइंगे चीनमधील ईमेल-पत्त्यांवर धाडी. ड्रॉइंग खरे, पाठविणारा ओळखीचा, आणि तरीही झिपमध्ये एक बिनओळखीचा सोबती. ऑटोकॅडच्या २०१४ च्या आवृत्तीपासून अशा सोबत्यांना कोणत्या फोल्डरमधून चालू द्यावयाचे हे ठरविण्याची सोय आली. ज्या गावाची उपजीविका दुसऱ्याच्या ड्रॉइंगांवर चालते, त्या गावाने या घटनेची नोंद घ्यावयास हवी. चोरीला गेलेले ड्रॉइंग वर्कशॉपचे नसते, ते ग्राहकाने विश्वासाने दिलेले असते. आणि एकदा तो विश्वास गेला की पुढची ऑर्डरही जाते.

पहारा पुण्यातूनही उभा राहिला. कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर यांनी १९९३ मध्ये संगणक-दुरुस्तीचा उद्योग सुरू केला. त्यांचे बंधू संजय यांच्या आज्ञावलीतून 'क्विक हील' हा विषाणुविरोधी प्रोग्राम आकारास आला आणि २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. लोक आपला बिघडलेला संगणक दुरुस्तीला आणत आणि त्यातला पुष्कळसा बिघाड विषाणूंचा असे, या निरीक्षणातून हा व्यवसाय उभा राहिला. दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावरून धोक्याचे स्वरूप अधिक स्पष्ट दिसते, असाच याचा अर्थ.

यानंतर अडवणुकीचे रूप सौम्यही झाले आणि कडकही. ऑफिस २०१० पासून बाहेरून आलेला दस्तऐवज आधी 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये उघडू लागला. वर पिवळी पट्टी, मजकूर वाचता येतो, बदलता वा छापता येत नाही. पूर्वीच्या सरसकट नकारापेक्षा ही रीत शहाणपणाची, कारण वाचण्यासाठी पूर्ण विश्वास लागत नाही. बहुतेकांना फक्त वाचायचेच असते. २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने मुळातच अडविले; तेथे पट्टी लाल झाली आणि 'चालू करा' हे बटण नाहीसे झाले. दुष्टांनी लगेच आयएसओसारख्या डबीत फाइल घालून पाठविणे सुरू केले, कारण डबीवरची खूण आतल्या फाइलीवर उतरत नसे. नोव्हेंबर २०२२ मधील सुधारणांनी ती फट बुजविली. जीमेलनेही ईएक्सई नेहमीच नाकारल्या होत्या. १३ फेब्रुवारी २०१७ पासून तेथे जेएस फाइलीही नाकारल्या जाऊ लागल्या. या साऱ्या वाटचालीत एक गोष्ट स्थिर आहे. प्रत्येक नवी भिंत मूळस्थानाची खूण जपण्यासाठी आहे आणि प्रत्येक नवी पळवाट ती खूण पुसण्यासाठी.

मग फाइल उघडत नसल्यास करावे काय? इतिहासातून निघणारे उत्तर साधे आहे. आधी निदान करावे. नंतर पाठविणाऱ्याला विचारावे. आणि ज्या पत्रातून फाइल आली त्याच पत्राला उत्तर देऊन नव्हे, तर आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून. पत्त्यातल्या एका अक्षराचा 'ध चा मा' करून आलेली पत्रे याच ठिकाणी उघडी पडतात. ईएक्सई वा मॅक्रोची खरोखर गरज आहे का, की पीडीएफने काम भागेल, हेही त्याच संभाषणात ठरते. मग ती एकच फाइल मोकळी करावी. पर्याय कायमचा बंद करू नये. नाव बदलणे, पासवर्ड त्याच पत्रात देणे, पेनड्राइव्हवरून फिरवून आणणे, हे उपाय काम करतात. पण ते काम करतात ते ओळख पटवून नव्हे, ओळख विचारणाऱ्यालाच झोपवून.

भोसरीचा धंदा पुष्कळसा शब्दावर चालत आला आहे. 'मटेरियल उचला, कागद मागून येतो' असे सांगणाऱ्याचा आवाज ओळखीचा असला की गाडी भरली जाई. या संस्कृतीला संगणकाची विचारणा अडाणी आणि उर्मट वाटली, यात नवल नाही. परंतु नीट पाहिले तर ही विचारणा त्या संस्कृतीच्या विरुद्ध नाही. 'कोणाकडून आलास?' हा प्रश्न दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपले गाव विचारीत आलेच आहे. संगणकाला तो प्रश्न पडतो, उत्तर मात्र त्याच्यापाशी नसते. ते माणसापाशी असते. मराठीच्या वर्गात पाठचिकित्सा शिकविताना आपण सहसा ताडपत्रे आणि बाडे यांच्याशीच थांबतो. त्याच तासाला एखादी अडविलेली फाइल विद्यार्थ्यांसमोर ठेवावी, तिची पुष्पिका उघडून दाखवावी आणि ते कर्मणी वाक्य त्यांच्याकडून मराठीत उतरवून घ्यावे. त्यांतला एखादा उद्या एस ब्लॉकमधल्या कार्यालयात बसेल. लाल पट्टी पाहून त्याने 'ओके'कडे नव्हे तर फोनकडे हात नेला, तर हा तास कारणी लागला असे म्हणता येईल.